माळ्यावरचा स्पेक्ट्रम सुरू करण्याआधी उणे पाच व्होल्ट मोजा

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत माळ्यावरची खोकी उतरवली की पितळी भांड्यांच्या आणि दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांबरोबर कधीकधी एक काळा, सपाट, कीबोर्डासारखा डबा निघतो. तो ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा १९८२ चा घरगुती संगणक, झेडएक्स स्पेक्ट्रम, असतो, किंवा १९८६ पासून डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवान्याखाली भारतात विकलेला डीबी स्पेक्ट्रम. दोन्हींच्या आतली रचना एकच, म्हणून पुढची कृती दोघांनाही लागू आहे.

सगळ्यात आधी एक विनंती. हातात येईल तो अॅडॉप्टर लावून "बघू तरी" म्हणून चालू करू नका. चाळीस वर्षं शाबूत राहिलेल्या मेमरी चिपा त्या पहिल्या मिनिटात जळू शकतात. कारण समजून घ्यायचं तर बोर्डाची घडण थोडी माहीत हवी.

सिंक्लेअरच्याच आधीच्या झेडएक्स८० (१९८०) या संगणकात वीसेक साध्या चिपा होत्या. पुढच्याच वर्षी झेडएक्स८१ मध्ये त्यांतल्या बहुतेक एका यूएलए चिपेत (आतल्या जोडण्या गरजेप्रमाणे करून घेतलेली फेरांटी कंपनीची चिप) गेल्या आणि बोर्डावर चारच मुख्य चिपा उरल्या. १९८२ च्या स्पेक्ट्रममध्ये सिंक्लेअरचे अभियंते रिचर्ड ऑल्टवॉसर यांनी हीच कल्पना रंगीत चित्रापर्यंत नेली. प्रोसेसर झेड८०ए, ३.५ मेगाहर्ट्झ. १६ किलोबाइट रॉम. पडद्यावरचं चित्र, कीबोर्ड, टेप, आवाज आणि प्रोसेसरचं घड्याळ हे सगळं यूएलए सांभाळते. मेमरी मात्र दोन तुकड्यांत आहे, आणि दुरुस्तीतला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

खालची १६ किलोबाइट मेमरी ४११६ जातीच्या आठ चिपांची: बोर्डावरच्या क्रमांकांनुसार आयसी ६ ते आयसी १३. पडद्यावर दिसतं ते याच मेमरीतलं, म्हणून यूएलए ती सतत वाचत असते. प्रोसेसरला त्याच वेळी तिथं जायचं असेल तर यूएलए त्याचं घड्याळ क्षणभर थांबवते. दोघांचे डेटा मार्ग ४७० ओहमच्या आठ रोधांनी (रेझिस्टर) वेगळे ठेवलेत. त्यामुळे यूएलए पलीकडे चित्र वाचत असताना प्रोसेसर अलीकडे रॉममध्ये काम करू शकतो. दुसरी कुठलीही चिप न वाढवता साधलेली ही सोय फार सुंदर आहे. वरची ३२ किलोबाइट मेमरी (आयसी १५ ते २२) थेट प्रोसेसरच्या बाजूला बसते, तिच्याशी यूएलएचा संबंध नाही.

आता मुख्य मुद्दा. ४११६ ला तीन व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि −५. यातला −५ चिपेच्या पायाभूत थराला जातो. तो आधी यायला हवा आणि सगळ्यात शेवटी जायला हवा. −५ नसताना +१२ मिळाला की चिपेतून भलताच करंट वाहतो, ती तापते आणि मरते. स्पेक्ट्रममध्ये +१२ आणि −५ दोन्ही बोर्डावरच एक छोटी कॉइल आणि टीआर४, टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. हा भाग बिघडला की मेमरीही जाते, आणि मेमरीची एखादी चिप आतून शॉर्ट झाली की उलट टीआर४ जातो. म्हणून नुसता ट्रान्झिस्टर बदलून चालू केलं तर नवा ट्रान्झिस्टरही पाच सेकंदांत जातो.

साहित्य

डिजिटल मल्टिमीटर, ३५ ते ५० वॅटचं तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप आणि विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी), बारीक टोकाचा कटर, ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), पांढरा खोडरबर, हीट सिंक पेस्ट. हे सगळं जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. १६ पायांचे गोल भोकांचे आयसी बेस (चिप खोचायची सॉकेटं) डझनभर घेऊन ठेवा; चपट्या पात्यांचे स्वस्त बेस दोन पावसाळ्यांत ढिले पडतात. ४११६ आणि झेडटीएक्स६५० ट्रान्झिस्टर बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतील. वापरलेल्या ४११६ घेत असाल तर आठ हव्या असतील तिथं बारा घ्या, त्यांत दोन-तीन खराब निघतातच.

अॅडॉप्टर

मूळ अॅडॉप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअर डीसी, आणि त्याच्या जॅकचा मधला टोक उणे असतो. आज दुकानात मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या अॅडॉप्टरचा मधला टोक अधिक असतो. बोर्डाला उलट जोडणीपासून संरक्षण नाही, तेव्हा लेबल वाचून थांबू नका, मीटर लावूनच बघा: काळी प्रोब जॅकच्या आतल्या भोकात, लाल बाहेरच्या कड्याला, आकडा अधिक आला तर जोडणी बरोबर.

जुना ट्रान्सफॉर्मरवाला अॅडॉप्टर सापडला असेल तर आधी ६० वॅटच्या सिरीज बल्बवर लावा. बल्ब उजळला तर वेटोळी शॉर्ट आहे, तो टाकून द्या. बल्ब विझलेला राहिला तर सरळ जोडून मोजा. लोड नसताना १२-१३ व्होल्ट दिसले तर घाबरू नका. तो रेग्युलेटेड नाही, लोडवर खाली येतो. तरी आमचं मत नवा ९ व्होल्ट, २ अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग अॅडॉप्टर) घ्या आणि त्याच्या वायरची टोकं उलटून नवी पिन लावा, असंच आहे. त्याचं कारण उष्णता. बोर्डावरचा ७८०५ रेग्युलेटर ५ व्होल्ट पुढे देऊन उरलेले व्होल्ट तापून घालवतो. ११ व्होल्ट आत आले आणि बोर्डानं ०.७ अँपिअर घेतला तर (११ − ५) × ०.७ म्हणजे ४.२ वॅट, ठाम ९ व्होल्टवर तेच २.८ वॅट. इंदूरला मे महिन्यात खोलीचं तापमानच चाळिशीला टेकतं, तेव्हा हा फरक अर्ध्या तासात कळतो: ७८०५ स्वतःला बंद करतो आणि मशीन "आपोआप रीसेट" होतं. हीट सिंकखालची वाळून पांढरी झालेली पेस्ट पुसून नवी पातळ लावा. ७८०५ च्या जागी बसणारा तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर लावला तर ही कटकटच संपते, मात्र तो निदान १ अँपिअरचा हवा.

उघडताना

रबरी कळांच्या मॉडेलला खालून पाच स्क्रू. ते काढले की वरचं झाकण झटक्यात उचलू नका. कीबोर्डाच्या दोन पारदर्शक पट्ट्या, एक आठ तारांची आणि एक पाच तारांची, बोर्डातल्या सॉकेटमध्ये खोचलेल्या असतात आणि वयानं कडक झालेल्या असतात. झाकण बोटभर तिरपं करा, पट्टी सॉकेटच्या अगदी जवळ धरा आणि सरळ वर ओढा. तिरकी ओढली की कडेची तार तुटते. बोर्ड खालच्या अंगाला एकाच स्क्रूनं धरलेला असतो. स्पेक्ट्रम प्लसला स्क्रू जास्त आणि वेगवेगळ्या लांबीचे, म्हणून काढतानाच कागदावर जागा आखून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरचं प्लॅस्टिक फोडतो.

आत बघताना घाई नको. पहिल्या इश्यूच्या (म्हणजे बोर्डाच्या पहिल्या आवृत्तीच्या) काही बोर्डांवर एक चिप उलटी, पाय वर करून, तारांनी जोडलेली दिसते. दुसऱ्या इश्यूवर झेड८० च्या पाठीवर एक ट्रान्झिस्टर डकवलेला असतो. कुणा शेजारच्या मेकॅनिकचा उपद्व्याप समजून हे काढू नका. यूएलएच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतली चूक सुधारण्यासाठी ते कारखान्यातच लावलं आहे. काढलं तर मशीन चालणार नाही.

वीज न देता मोजणी

मीटर ओहमवर ठेवा. कुठल्याही एका ४११६ वर पाय १ (−५), पाय ८ (+१२) आणि पाय ९ (+५) यांपासून पाय १६ (ग्राउंड) पर्यंत आळीपाळीनं मोजा. मग पाय १ ते ८ मोजा. कुठेही आकडा दहा ओहमच्या खाली आला तर वीज देऊ नका. त्या वाटेवर शॉर्ट आहे. आठही चिपांचे हे पाय एकमेकांना जोडलेले असल्यामुळे कुठली चिप दोषी हे इथं कळत नाही, पण पुढचा खर्च वाचतो.

शॉर्ट नसेल तर कीबोर्ड आणि टीव्ही न जोडता वीज द्या आणि आकडे या क्रमानं घ्या: पाय १ वर −४.७५ ते −५.२५, पाय ९ वर ४.८ ते ५.२, पाय ८ वर साधारण ११.५ ते १३. पहिला आकडा −५ चाच. तो शून्य दिसला तर तत्क्षणी पिन काढा. एका हातात प्रोब, दुसरा हात जॅकवर, अशीच सवय ठेवा. सगळं मिळून तीन सेकंद पुरतात.

+५ आहे पण −५ आणि +१२ दोन्ही नाहीत: टीआर४ गेला आहे. बहुतेक वेळा मागच्या एज कनेक्टरवर (बोर्डाच्या कडेच्या उघड्या धातूच्या पट्ट्यांवर) चालू मशीनमध्ये जॉयस्टिक इंटरफेस खोचल्यानं किंवा हलवल्यानं हे होतं, शेजारच्या पट्ट्या क्षणभर जुळतात. टीआर४ च्या जागी झेडटीएक्स६५० लावा, टीआर५ तपासा, कॉइलच्या तारा एकमेकींना चिकटून काळ्या पडल्या असतील तर तीही बदला. आणि वर सांगितलेली शॉर्टची मोजणी पुन्हा केल्याशिवाय वीज देऊ नका.

+१२ आहे, −५ नाही: त्या वाटेवरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर किंवा झेनर डायोड. +५ सुद्धा नाही: ७८०५, किंवा पॉवर सॉकेटची सैल झालेली पत्ती.

कपॅसिटरबद्दल एक मत ठामपणे मांडतो. "आधी सगळे कपॅसिटर बदला, मग बघू" हा सल्ला सर्रास दिला जातो. बदलायचे आहेतच, पण मोजणीनंतर. आधी बदलले आणि मशीन चाललं नाही, तर बिघाड जुना की तुमच्या सोल्डरचा हेच कळेनासं होतं. बदलताना बोर्डावर छापलेल्या खुणेवर विसंबू नका. जुना कपॅसिटर कसा बसला होता त्याचा फोटो काढा आणि नवा लावण्याआधी दोन टोकांवरच्या व्होल्टेजची दिशा मीटरनं पडताळा. दोन्हीकडून पाय निघणारे आडवे कपॅसिटर आता सहज मिळत नाहीत. उभे घ्या, त्यांचा एक पाय लांबवून स्लीव्ह घाला आणि आडवे झोपवा. क्षमता (मायक्रोफॅरड) मूळचीच, व्होल्ट २५ किंवा जास्त.

पडदा काय सांगतो

तिन्ही व्होल्टेज बरोबर आहेत, आता टीव्ही जोडा. स्पेक्ट्रमचा यूएचएफ सिग्नल चॅनल ३६ वर येतो, पण आजच्या टीव्हीवर तो शोधण्यात वेळ घालवू नका. कंपोझिट व्हिडिओ करून घ्या. मॉड्युलेटरच्या (यूएचएफ सिग्नल बनवणाऱ्या) पत्र्याच्या डबीत बोर्डाकडून दोन तारा जातात, एक +५ ची आणि एक व्हिडिओची. दोन्ही सोडवा. डबीच्या आत बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडलेला रोध सोडवा. व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून (अधिक टोक बोर्डाकडे) त्या मधल्या टोकाला लावा. डबी कापायची गरज नाही, सगळं मागे फिरवता येतं. चित्र आलं पण रंग नाहीत, तर +१२ पुन्हा मोजा; रंग तयार करणारी एलएम१८८९ चिप त्याच व्होल्टेजवर चालते.

यूएलए प्रोसेसरची वाट न बघता खालची मेमरी पडद्यावर दाखवत राहते. म्हणून रंगीबेरंगी चौकड्यांचा गालिचा स्थिर दिसत असेल तर यूएलए जिवंत आहे आणि प्रोसेसर चालत नाही. झेड८० चा पाय ११ (+५), पाय ६ (घड्याळ) आणि पाय २६ (रीसेट, चालू करताच क्षणभर शून्य, मग ५ जवळ) बघा. तिन्ही ठीक असतील तर रॉम आणि झेड८० स्वतः. बेसमध्ये असलेल्या चिपा उचलून पाय आयपीएनं पुसून परत बसवा. इंदूरच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या मशीनमध्ये केवळ एवढ्यानं काम होतं, असं पुष्कळदा घडतं.

प्रोसेसर चालत असेल तर पडदा काळा होऊन त्यावर बारीक तांबड्या उभ्या रेघा झळकतात आणि मग सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ येते. या तांबड्या रेघा म्हणजे मेमरीची तपासणी. रॉम प्रत्येक जागी २ हा आकडा लिहितो आणि मग दोनदा एकेक वजा करून शून्य येतो का बघतो. २ म्हणजे दोन-अंकी पद्धतीत ००००००१०. चित्राच्या भागात त्याचा अर्थ आठ ठिपक्यांत एक ठिपका पेटलेला, म्हणजे उभी रेघ. रंगाच्या भागात त्याचाच अर्थ तांबडी शाई, काळा कागद.

हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या मेमरीतली सदोष चिप पडद्यावरूनच ओळखता येते. फोननं व्हिडिओ काढा आणि ते दोन सेकंद एकेक फ्रेम करून बघा. बिट ० कायम १ वर अडकला असेल तर रेघ दुप्पट जाड आणि जांभळी होते. बिट १ शून्यावर अडकला तर रेघा दिसतच नाहीत. बिट ५ अडकला तर कागद हिरवा, आणि प्रत्येक आठ ठिपक्यांत दोन रेघा. बिट ७ अडकला तर पडदा लुकलुकतो, कारण रंगाच्या भागात तो फ्लॅशचा बिट आहे. बिटाच्या क्रमांकात ६ मिळवा, ती आयसी: बिट ० म्हणजे आयसी ६, बिट ७ म्हणजे आयसी १३. वरच्या मेमरीसाठी १५ मिळवा.

खात्री करायला चांगली ४११६ संशयित चिपेच्या पाठीवर पाय जुळवून दाबून धरतात आणि मग वीज देतात. चित्र सुधारलं तर निदान पक्कं. न सुधारल्यास मात्र ती चिप चांगली आहे असं ठरत नाही. आतून शॉर्ट असलेली चिप वरच्या चांगल्या चिपेलाही बोलू देत नाही.

चिप काढताना ती वाचवायचा मोह सोडा. बोर्डाच्या पट्ट्या बारीक आहेत, चिप वाचवायला गेलं की त्या उचकटतात. कटरनं सोळाही पाय चिपेच्या अंगाशी कापा, मग एकेक पाय ३३० ते ३५० अंशांवर तापवून चिमट्यानं ओढा, भोक पंपानं मोकळं करा. एकाच जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकू नका. बेस लावा, बझरवर प्रत्येक पायाची जोडणी तपासा, मगच चिप.

४१६४ चिपा सहज मिळतात आणि दिसायला तशाच, म्हणून ४११६ च्या जागी थेट ४१६४ बसवण्याची चूक फार होते. ४१६४ ला पाय ८ वर ५ व्होल्ट लागतात. इथं त्या पायावर १२ येतात. चिप लगेच जाते. वरच्या मेमरीत मात्र ४१६४ खुशाल लावा. तिथल्या मूळ ४५३२ चिपा म्हणजे ६४ किलोबिटच्या, अर्धा भाग सदोष निघालेल्या चिपाच होत्या. चांगला अर्धा कुठला, हे बोर्डावरच्या जंपरनं ठरवलं जाई. म्हणूनच आठही एकाच जातीच्या लागत. ४१६४ चे दोन्ही अर्धे चांगले, तेव्हा जंपर कसाही असला तरी चालतं, आणि जुन्यांत मिसळूनही चालतं.

मशीन सुरू झालं की हे टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ (PRINT PEEK 23732 + 256 * PEEK 23733). उत्तर ६५५३५ आलं तर ४८ किलोबाइट पूर्ण. ३२७६७ आलं तर वरची मेमरी मुळीच दिसत नाही. एवढी सगळी एकदम गेलेली नसते, बहुधा तिच्या बाजूच्या चार ७४एलएस चिपांपैकी (आयसी २३ ते २६) एखादी गेलेली असते. मधलाच आकडा आला तर तपासणी तिथं अडखळली आहे. वरच्या मेमरीची एखादी चिप पूर्ण शॉर्ट असेल तर ती प्रोसेसरचा डेटा मार्गच अडवते आणि मशीन सुरूही होत नाही. अशा वेळी वरच्या मेमरीच्या चिपा बेसवर असतील तर आठही काढून बघा; स्पेक्ट्रम १६ किलोबाइटवर मजेत चालतो.

कीबोर्ड

४० कळा म्हणजे आठ तारा गुणिले पाच तारा. १ ते ५ अशा शेजारच्या पाच कळा एकत्र मेल्या तर आठ तारांच्या पट्टीतली एक तुटली आहे. १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट आणि दुसऱ्या टोकाच्या ०, पी, एंटर, स्पेस अशा आठ एकत्र गेल्या तर पाचच्या पट्टीतली. चीर बहुधा सॉकेटच्या तोंडाशीच असते. पट्टीत ढील असेल तर ४-५ मिलिमीटर सरळ कापून पुन्हा खोचा. हा उपाय एकदाच चालतो, फार तर दोनदा. चांदीच्या पेंटनं जोडलेली तार वाकली की पुन्हा तुटते. नवा मेम्ब्रेन (कळांखालचा, या तारा असलेला पातळ थर) मागवणं हेच खरं. तो बदलायला काढावी लागणारी रबरी मॉडेलची वरची अॅल्युमिनियमची पट्टी दुहेरी टेपनं चिकटवलेली असते, ती हेअर ड्रायरनं तापवून प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं हळूहळू सोडवा. स्क्रूड्रायव्हर घातला तर पडलेली घडी जन्मात जात नाही.

टेपवरचे प्रोग्रॅम आत घ्यायला टेपऐवजी फोनचा हेडफोन जॅक इअर सॉकेटला जोडा, आवाज पूर्ण, इक्वलायझर बंद. जे कळ दाबली की लोड हा शब्द उमटतो, मग सिम्बल शिफ्टसह पी दोनदा, एंटर. आधी कडेला तांबडे-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे. पहिले दिसतात आणि दुसऱ्यांच्या वेळी गडबडतं तर आवाज कमी पडतो आहे.

एज कनेक्टरच्या पट्ट्या खोडरबरनं घासून आयपीएनं पुसा, झाकण लावण्याआधी मशीन तासभर उघडंच चालू ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी −५ मोजा. यूएलए हाताला चांगलीच गरम लागेल. ती तशीच असते, तरी तिच्यावर छोटा हीट सिंक चिकटवा, कारण तीच एक चिप दुकानात मिळत नाही.